नियुए, रारोतोंगा, ताहिती आणि रांगिरोआ: तळचा खडक आणि दूरची राजधानी

न्यूझीलंडमधील ऑकलंडहून निघून आम्ही उभयतांनी नियुए, कुक बेटांपैकी रारोतोंगा व आयतुताकी आणि फ्रेंच पॉलिनेशियातील ताहिती व रांगिरोआ ही बेटे पाहिली. नकाशावर ही सारी बेटे दक्षिण पॅसिफिकच्या एकाच पट्ट्यात दिसतात, माड सर्वत्र आहेत आणि स्थानिक भाषाही एकाच पॉलिनेशियन कुळातल्या आहेत. तरीही प्रत्येक मुक्कामी पाणी, भाजी, रोजगार आणि किमती यांचे गणित नव्याने समजून घ्यावे लागले. या फरकाची दोन कारणे मला सर्वत्र आढळली. एक म्हणजे बेटाच्या तळाशी असलेला खडक आणि दुसरे म्हणजे ते बेट ज्या देशाशी जोडलेले आहे तो देश. पुढे जाणाऱ्यांनी हॉटेले शोधण्याआधी या दोन गोष्टी समजून घेतल्या, तर कुठे किती राहायचे आणि बरोबर काय न्यायचे हे ठरवणे बरेच सोपे जाईल.

ज्वालामुखीतून वर आलेले बेट लाखो वर्षांत हळूहळू खचत जाते, त्याच्या कडेने वाढणारी प्रवाळभित्ती मात्र पाण्याच्या पातळीशी टिकून राहते, आणि अखेर डोंगर बुडून प्रवाळाचे कंकण तेवढे उरते, अशी उपपत्ती चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडली. आमच्या मार्गावर तिचे सगळे टप्पे होते. ताहिती आणि रारोतोंगा अजून उंच आहेत, आयतुताकी बरेचसे खचले आहे आणि रांगिरोआचा डोंगर पूर्णपणे नाहीसा झाला आहे. नियुए हा त्यापुढचा प्रकार: तेथे तयार झालेले कंकणद्वीपच भूगर्भातील हालचालींमुळे पुन्हा वर उचलले गेले.

नियुएचे क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे कुक बेटांच्या पंधराही बेटांची जमीन एकत्र केली तरी ती याहून थोडी कमीच भरते. लोकवस्ती मात्र सतराशेच्या आसपास. संपूर्ण बेट चुनखडीचे असल्यामुळे पडलेला पाऊस सरळ खाली झिरपतो. येथे एकही नदी किंवा ओढा नाही, पिण्याचे पाणी भूगर्भातून उपसावे लागते आणि खडकाच्या भेगांतल्या मातीत अळकुड्यांसारखी पिके घ्यावी लागतात. याच कारणामुळे समुद्रात गाळ उतरत नाही आणि पाणी इतके नितळ असते की चांगल्या दिवशी पन्नास मीटरपलीकडचा खडकही दिसतो. वाळूचे किनारे जवळजवळ नाहीत. तोगो येथील घळीकडे जाणारी वाट आधी दाट रानातून आणि मग सुरीसारख्या धारदार प्रवाळी सुळक्यांमधून जाते, शेवटी उभ्या लाकडी शिडीने खाली उतरल्यावर माडांनी वेढलेला वाळूचा एक छोटा चौक लागतो. या बेटावर जाड तळाचे बूट हवेतच, चपला घालून तेथे फिरण्याचा विचारही करू नये.

बंदर नसणे म्हणजे काय, हे नियुएची राजधानी असलेल्या अलोफीच्या धक्क्यावर अर्धा तास उभे राहिल्यावर समजते. खाडी किंवा लगून, म्हणजे प्रवाळभित्तीआडचे शांत पाणी, नसल्यामुळे नाव पाण्यात ठेवून देण्याची सोयच नाही. मच्छीमार आपली नाव ट्रेलरवर लादून धक्क्यावर आणतो, तिला पट्टे अडकवतो, क्रेनने उचलून लाटांवर सोडतो आणि परतल्यावर त्याच क्रेनने पुन्हा वर घेतो. मालवाहू जहाजही बाहेर उभे राहते व त्यावरचा माल तराफ्यावरून धक्क्यापर्यंत आणावा लागतो. समुद्र खवळलेला असला की दुकानांतल्या फळ्या रिकाम्या राहतात. जानेवारी २००४ मधील हेता चक्रीवादळात या किनाऱ्यावरचे रुग्णालयसुद्धा उद्ध्वस्त झाले.

नियुएला १९७४ मध्ये न्यूझीलंडशी मुक्त सहसंबंध राखून स्वशासन मिळाले. नागरिकत्व न्यूझीलंडचे राहिले आणि आवश्यक ते आर्थिक व प्रशासकीय साहाय्य देण्याची जबाबदारी न्यूझीलंडने कायद्यानेच स्वीकारली. तीस हजारांहून अधिक नियुए वंशाचे लोक आज न्यूझीलंडमध्ये राहतात. बेटाला प्रदक्षिणा घालताना गावोगाव छप्पर उडालेली, वेलींनी वेढलेली घरे आणि त्यांच्या समोर मात्र स्वच्छ राखलेल्या कबरी दिसतात, तेव्हा त्या पासपोर्टने एका हाताने काय दिले आणि दुसऱ्या हाताने काय नेले हे समोर येते. उरलेल्यांपैकी बहुतेकांची रोजी सरकारी नोकरीवर चालते. अलीकडे सरकारने एक निराळा मार्ग काढला आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या सागरी क्षेत्राच्या ४० टक्के, म्हणजे सुमारे १ लाख २७ हजार चौरस किलोमीटर भागात संरक्षित क्षेत्र घोषित करून, त्यातील प्रत्येक चौरस किलोमीटरचे वीस वर्षे रक्षण करण्यासाठी २५० न्यूझीलंड डॉलर देणारे आश्रयदाते २०२३ पासून शोधले जात आहेत. जमिनीवर फारसे काही पिकत नसलेल्या बेटाने समुद्र राखण्यालाच उत्पन्नाचे साधन करणे हे धाडसाचे आहे, आणि ते यशस्वी व्हावे असे मनापासून वाटते.

नियुएचे विमान आठवड्यातून एकदोनदाच ऑकलंडहून जाते, म्हणून आधी त्याचे आसन पक्के करावे आणि बाकी सर्व बेत त्याभोवती बसवावा. मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जात असल्याने शनिवारी निघालेला प्रवासी शुक्रवारी पोहोचतो. राहण्याच्या आरक्षणाची तारीख लावताना हे विसरू नये. कुबड्या देवमाशांसाठी जुलै ते ऑक्टोबर हा काळ आहे. रविवारी दुकाने बंद असतात आणि नावा पाण्यात उतरवल्या जात नाहीत, तेव्हा शनिवारीच किराणा भरून ठेवावा. रोख न्यूझीलंड डॉलरही ऑकलंडहूनच पुरेसे न्यावेत.

रारोतोंगावर उतरताच फरक जाणवतो. अवघे ६७ चौरस किलोमीटरचे हे बेट मध्यभागी साडेसहाशे मीटरपर्यंत उंच गेले आहे, डोंगरावर ढग अडतात, ओढे वाहतात, पायथ्याच्या काळ्या मातीत अळू, पपई, केळी आणि लिंबूवर्गीय झाडे वाढतात आणि सभोवतालची प्रवाळभित्ती लाटा अडवून धरते. किनाऱ्याचा रस्ता ३२ किलोमीटरचा आहे व त्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आणि उलट दिशेने अशा दोनच बसगाड्या धावतात, त्यामुळे चुकण्याचा प्रश्न येत नाही. बेटाच्या आरपार जाणारी पायवाट ‘सुई’ नावाच्या ४१३ मीटर उंच सुळक्याजवळून दक्षिणेकडच्या धबधब्याशी उतरते. तिला तीनचार तास लागतात, आणि पाऊस पडून गेला असेल तर मुळांवरून पाय घसरतो, म्हणून त्या दिवशी ती टाळलेली बरी.

शनिवारी सकाळी पुनांगा नुई बाजारात अवश्य जावे. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पाने तेथे ‘रुकाऊ’ या नावाने मिळतात आणि कोकणात व गोव्यात घरोघरी ठाऊक असलेला नीरफणस तेथे रोजच्या जेवणातला आहे. शाकाहारी मंडळींनी घाबरून जाण्याचे कारण नाही. केवळ रुकाऊमध्ये कधीकधी मांस घालतात, तेवढे विचारून घ्यावे.

कुक बेटांना असेच स्वशासन नियुएच्या आधी, १९६५ मध्ये मिळाले. १९७४ मध्ये रारोतोंगाचा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि त्याच धावपट्टीवरून पर्यटक आले व गावकरी गेले. पूर्वी येथून न्यूझीलंडला संत्री आणि फळांचा रस जात असे. ती निर्यात पुढे ओसरली. १९९६ च्या आर्थिक संकटात सरकारने आपल्या नोकऱ्या निम्म्याहून कमी केल्या, आणि पुष्कळ कुटुंबे ऑकलंडला निघून गेली. त्यानंतरची उभारणी मुख्यतः पर्यटनावर झाली. २०१९ मध्ये सुमारे १ लाख ७० हजार पाहुणे आले, लोकसंख्या जेमतेम १५ हजार. त्याच वर्षी फ्रेंच पॉलिनेशियात सुमारे २ लाख ३६ हजार पर्यटक गेले, पण तेथील लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या वर आहे, म्हणजे दरडोई एक पाहुणाही नाही. कुक बेटांवर हॉटेलांत आणि दुकानांत फिजी व फिलिपिन्सचे कामगार का दिसतात, याचे उत्तर या आकड्यांत आहे: स्थानिक तरुणाला तेच काम ऑकलंडमध्ये अधिक पगारावर मिळते.

एवढ्या पाहुण्यांनंतरही बेट उंच इमारतींनी झाकले गेलेले नाही, याचे श्रेय मी जमिनीच्या कायद्याला देतो. येथे जमीन विकता येत नाही, फार तर ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देता येते, आणि माडाहून उंच बांधू नये हा संकेत पाळला जातो. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्यावर एकाच व्यवसायावर विसंबण्याची किंमत कळली. त्यामुळे समुद्रतळावरील कोबाल्टयुक्त मँगनीजच्या गोळ्यांकडे सरकारचे लक्ष अधिक वळले आहे; २०२२ मध्ये तीन कंपन्यांना शोधकार्याचे परवाने दिले गेले. सुमारे २० लाख चौरस किलोमीटरच्या सागरी क्षेत्राचा मालक असलेला हा छोटा देश आणि त्याच समुद्रावर पाहुण्यांना बोलावणारा त्याचा व्यवसाय यांचा मेळ कसा बसणार, याची मला काळजी वाटते.

आयतुताकीला रारोतोंगाहून पाऊण तासाचे विमान जाते. एका दिवसाची सहल करणारे पुष्कळ असतात, पण लगून सकाळी आणि संध्याकाळी वेगळे दिसते, म्हणून किमान एक रात्र राहावे. खर्चाचा ताळेबंद जुळवताना लक्षात ठेवावे की कुक बेटांची स्वतःची नाणी, अगदी त्रिकोणी दोन डॉलरसुद्धा, बाहेर कोठेही चालत नाहीत.

रारोतोंगाहून ताहितीला थेट विमान असते, पण त्याच्या फेऱ्या मोजक्या असल्याने तारखा आधी पाहाव्यात. ताहिती म्हणजे हजार चौरस किलोमीटरहून मोठे, ओरोहेना शिखरापाशी २,२४१ मीटर उंच झालेले बेट. आतला भाग जवळजवळ निर्मनुष्य आणि सारी वस्ती किनाऱ्याच्या पट्टीवर. डोंगर एवढे आहेत की पापेनोओच्या खोऱ्यात जलविद्युत तयार होते, जे आमच्या मार्गावरील दुसऱ्या कोणत्याही बेटाला शक्य नव्हते. राजधानी पापेएतेचे बंदर फ्रेंच पॉलिनेशियाच्या पाचही द्वीपसमूहांचे कोठार आहे. ११८ बेटे सुमारे ५० लाख चौरस किलोमीटर समुद्रात विखुरलेली असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक वस्तू आधी येथे उतरते आणि मग छोट्या जहाजांनी पुढे जाते.

किमती ऐकून प्रवासी दचकतात. त्यामागे अंतर आहेच, शिवाय इतिहासही आहे. फ्रान्सने १९६६ ते १९९६ या काळात मोरुरोआ आणि फांगाताउफा या कंकणद्वीपांवर १९३ अणुचाचण्या केल्या. त्या कामासाठी आलेला पैसा, सैनिक आणि पगार यांनी मासेमारी व खोबऱ्यावर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेचा पायाच बदलला. लोक बाहेरची बेटे सोडून पापेएतेला आले, पगारांची पातळी चढली आणि चाचण्या थांबल्यावरही पॅरिसहून येणारा पैसा चालू राहिला. आजही तो वर्षाला शंभर कोटी युरोंहून अधिक आहे. किरणोत्साराने आजारी झालेल्यांच्या भरपाईचा कायदा २०१० मध्ये झाला आणि त्याच्या अंमलबजावणीबद्दल तेथे अजूनही तीव्र भावना आहेत. कोणी स्वतःहून बोलले तर शांतपणे ऐकावे, पर्यटकाच्या उत्सुकतेने खोदून विचारू नये. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या प्रदेशाचे नाव अस्वशासित प्रदेशांच्या यादीत पुन्हा घातले, त्यालाही ही पार्श्वभूमी आहे.

खर्च आवरण्याचा उपाय सोपा आहे. ब्रेड, तांदूळ, दूध यांसारख्या जीवनावश्यक वस्तूंचे दर सरकार नियंत्रित करते, म्हणून किराणा दुकानातून सामान घेऊन स्वयंपाकघर असलेल्या घरगुती निवासात राहावे. संध्याकाळी पापेएतेच्या धक्क्याजवळील वाएते चौकात खाद्यगाड्या लागतात, तेथे हॉटेलपेक्षा बऱ्याच कमी पैशांत जेवण होते. तेथील फ्रँक युरोशी बांधलेला असून एका युरोला ११९.३३ हा दर बदलत नाही.

रांगिरोआ विमानाने तासाभरावर आहे. लगून इतके मोठे की पलीकडचा काठ दिसत नाही, आणि जमीन म्हणजे समुद्रसपाटीहून दोनतीन मीटर उंचीची प्रवाळी पट्टी. प्रत्येक घराच्या छपराला पन्हळ आणि तिच्याखाली पावसाच्या पाण्याची टाकी असते. आमच्या यजमानीणबाई भांडी धुतल्यावरचे पाणी लिंबाच्या झाडाला घालत. पाहुण्यांनीही अंघोळ आटोपशीर ठेवावी. येथे उत्पन्न म्हणजे काळे मोती, पर्यटन आणि खोबरे, आणि खोबऱ्याचा भाव सरकार अनुदानाने वर धरून ठेवते, कारण तो पडला तर ही बेटे रिकामी होतील. मला हे अनुदान योग्यच वाटते. तिपुता खिंडीतून ओहोटीचे पाणी बाहेर पडते तेव्हा उसळणारे डॉल्फिन काठावरूनच दिसतात, त्यासाठी नाव करण्याची गरज नाही.

मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम साऱ्या मार्गाला सोयीचा आहे. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा. गंभीर आजारी माणसाला विमानाने न्यूझीलंडला किंवा पापेएतेला हलवावे लागते, म्हणून असा खर्च देणारा विमा नसेल तर निघू नये. डाळी, मसाले, लोणची न्यूझीलंडमध्ये उतरताना घोषित करावीच लागतात, बियाणे व ताजी फळे नेऊच नयेत.

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी व्हिसाचे काम निदान तीन महिने आधी सुरू करावे. ऑकलंडमध्ये केवळ विमान बदलायचे असले तरी न्यूझीलंडचा व्हिसा लागतो, आणि येताजाता दोनदा थांबायचे असेल तर एकाहून अधिक प्रवेशांचा घ्यावा. युरोपातील देशांसाठीचा शेंगेन व्हिसा फ्रेंच पॉलिनेशियात सहसा चालत नाही. फ्रान्सच्या व्हिसा अर्जातच सागरपार प्रदेशाचा स्वतंत्र उल्लेख करावा लागतो. लॉस एंजेलिसमार्गे परतायचे असेल तर अमेरिकेचा व्हिसाही हाती असल्याशिवाय तिकीट काढू नये.