काळ्या बुरशीवरचे शोधनिबंध मोजताना

कोविडच्या जोडीने आलेल्या बुरशीजन्य आजारांवर किती संशोधन झाले, हे पबमेड किंवा स्कोपससारख्या शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीतून मोजणे वरकरणी सोपे वाटते; परंतु हाती येणारा आकडा शोधासाठी कोणते शब्द वापरले यावर ठरतो. लेखांच्या शीर्षकांत केवळ 'म्युकरमायकोसिस' (काळ्या बुरशीचे वैद्यकीय नाव) शोधले, तर युरोपातील अतिदक्षता विभागांत ज्याची अधिक चर्चा झाली तो फुफ्फुसांचा ॲस्परजिलोसिस हा दुसरा बुरशीजन्य आजार पूर्णपणे बाहेर राहतो आणि भारत आपोआप यादीच्या वर सरकतो. त्यामुळे देशांची क्रमवारी पाहण्याआधी मी शोधासाठी वापरलेले शब्द पाहतो.

भारतातून आलेल्या निबंधांची संख्या मोठी असणे स्वाभाविकच होते. २०२१च्या दुसऱ्या लाटेत जूनअखेरपर्यंत देशात काळ्या बुरशीच्या ४० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि त्यांत महाराष्ट्र व गुजरात आघाडीवर होते. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अवाजवी वापर ही त्यामागची प्रमुख कारणे मानली गेली. मात्र एकाच रुग्णाचे डोळ्यांचे, नाक-कान-घशाचे आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे डॉक्टर वेगवेगळे लेख लिहू शकतात, आणि मोजणीत त्या प्रत्येकाला एक गुण मिळतो. तेवढाच एक गुण भारतातील १६ रुग्णालयांच्या त्या अभ्यासालाही मिळतो, ज्याने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातील २८७ म्युकर रुग्ण तपासले, त्यांपैकी १८७ जणांना कोविड असल्याचे नोंदवले आणि दाखल कोविड रुग्णांत हा आजार ०.२७ टक्के असल्याचे सांगितले. एकेका रुग्णाच्या वृत्तान्तांतून असे प्रमाण काढताच येत नाही, कारण किती जणांपैकी एक, हेच त्यांत नसते.

उद्धरणांची गोष्ट याहून विचित्र आहे. विखुरलेले वृत्तान्त गोळा करणारा आढावा लवकर प्रसिद्ध झाला की पुढचे सारे त्याचाच हवाला देतात आणि ज्यांनी रुग्ण पाहिले त्यांच्या वाट्याला फारसे काही येत नाही. (आढावा लिहिणाऱ्यांवर माझा राग नाही; तेही काम जिकिरीचेच आहे.)

माझ्या मते निबंधांची विभागणी रुग्णसंख्या, प्रयोगशाळेत बुरशीची प्रजाती ओळखली की नाही आणि रुग्णांचा पुढील पाठपुरावा झाला की नाही, यांवर व्हावी. सूचीतील 'लेखाचा प्रकार' हा रकाना त्यासाठी अपुरा पडतो, कारण पाच रुग्णांची मालिका आणि पाचशे रुग्णांचा अभ्यास दोन्ही तिथे 'लेख' म्हणूनच नोंदले जाऊ शकतात. तेव्हा हे वर्गीकरण गोषवारे एकेक वाचूनच करावे लागते.