शेजाऱ्याचं झाड आपल्या घरावर पडलं, तर भरपाई कोण देणार?

झाड शेजाऱ्याचं, छप्पर आपलं. मग खर्च त्यानेच द्यायला हवा, असं जवळपास प्रत्येकाला वाटतं आणि पहिल्याच दिवशी भांडण सुरू होतं. कायद्याचा हिशेब वेगळा आहे. झाड कोणाचं होतं यापेक्षा ते का पडलं आणि पडणार हे कोणाला आधीपासून माहीत होतं, यावर शेजाऱ्याची जबाबदारी ठरते. ते सिद्ध करायला वर्षं जातात. छप्पर मात्र आठवड्याभरात झाकावं लागतं. म्हणून पहिला दावा आपल्याच घराच्या पॉलिसीवर करायचा.

विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी विकायला लावली. वादळ, पूर, भूस्खलन यांच्याबरोबर तिच्यात बाहेरची वस्तू घरावर आदळून होणारं नुकसान धरलेलं आहे, आणि उदाहरणांमध्ये पडणाऱ्या झाडांचा स्पष्ट उल्लेख आहे. हा एक शब्द फार मोलाचा आहे. जुन्या ‘स्टँडर्ड फायर’ पॉलिसीत आदळणं म्हणजे फक्त वाहन किंवा जनावर. त्यामुळे झाडाचा दावा वादळाच्या कलमात बसवावा लागे, आणि वारा नसताना पोखरलेलं झाड कोसळलं की कंपनी हात वर करी. गृहकर्जाबरोबर दहा-पंधरा वर्षांपूर्वी बँकेने गळ्यात घातलेली पॉलिसी बहुधा या जुन्या प्रकारातली असते. कपाटातून काढून आजच वाचा. सोसायटीत राहत असाल तर सचिवांकडून इमारतीच्या पॉलिसीची प्रत मागा. अनेक ठिकाणी आग आणि भूकंप एवढ्यावरच हप्ता भरलेला असतो.

विम्याची रक्कम ठरते ती चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकाम खर्च अशी. ६०० चौरस फूट आणि फुटाला २,२०० रुपये धरले तर १३ लाख २० हजार. जागेची किंमत यात येत नाही, बाजारभावही नाही. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला त्याच्या २० टक्के संरक्षण आपोआप मिळतं, इथे २ लाख ६४ हजार. कमाल १० लाख. कुंपणाची भिंत, गेट, पाण्याची टाकी, छतावरची सौर पॅनेल हे सगळं इमारतीत मोजलं जातं. गोची होते ती झाड हलवण्याच्या खर्चात. राडारोडा उचलायला दाव्याच्या फक्त २ टक्के मिळतात. दीड लाखाचा दावा असेल तर तीन हजार. तेवढ्यात वडाचं किंवा पर्जन्यवृक्षाचं खोड कापून ट्रकमधून नेणं होत नाही. आणि झाड घराला न लागता नुसतं अंगणात आडवं झालं, तर काहीच मिळत नाही.

आता झाडाच्या मालकाची बाजू. त्याच्याकडे गृहविमा असला तरी तो त्याच्या घराचा असतो. मूळ पॉलिसीत दुसऱ्याच्या नुकसानीची कायदेशीर जबाबदारी धरलेली नसते. ती जोड म्हणून वेगळी घ्यावी लागते. आवारात मोठं जुनं झाड असणाऱ्याने ती घ्यावीच, असं माझं ठाम मत आहे.

निरोगी झाड चक्रीवादळात उन्मळलं तर ती दैवी आपत्ती, शेजारी सुटतो. पण बुंध्याशी भूछत्रं उगवली होती, वाळवीची माती वर चढली होती, दुबेळक्यात चीर पडली होती, गटारासाठी चर खणताना एका बाजूची मुळं तोडली होती किंवा झुकाव वाढून मागची जमीन उचलली गेली होती, आणि हे सांगूनही त्याने काही केलं नाही, तर तो निष्काळजीपणा. ‘सांगूनही’ याचा पुरावा हवा. तोंडी सांगितलेलं न्यायालयात टिकवणं कठीण. मे महिन्यातच फोटो जोडून पोचपावतीसह पत्र द्या, प्रत महापालिकेच्या उद्यान विभागाला. दिल्लीत १९६४ साली रस्त्याकडेच्या कडुलिंबाची फांदी पडून एक स्कूटरस्वार दगावला. महापालिका जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाकडून कायम व्हायला १९९९ उजाडलं. दावा जिंकता येतो, पण किती वर्षांनी, याचा अंदाज त्यावरून घ्या.

पत्राला दाद मिळाली नाही तर स्वतः कुऱ्हाड उचलू नका. शहरांत १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय झाड तोडणं किंवा त्याला इजा करणं गुन्हा आहे, आपल्या हद्दीत आलेल्या फांद्याही वृक्ष अधिकाऱ्याला विचारूनच छाटाव्यात. पडून इजा होईल अशा अवस्थेतलं झाड हटवण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. दुसरी बाजूही लक्षात ठेवा: शेजाऱ्याने परवानगीचा अर्ज केला होता आणि महापालिकेनेच तो लोंबकळत ठेवला, तर त्याच्यावरचा दोष बराच हलका होतो.

झाड पडलंच, तर आधी विजेच्या तारा बघा. तार अडकली असेल तर महावितरणला १९१२ वर कळवून प्रवाह बंद होईपर्यंत जवळ जाऊ नका. मग अग्निशमन दलाला १०१ वर, मुंबईत महापालिकेला १९१६ वर फोन. करवत चालण्याआधी चारही बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ घ्या. बुंधा कुजलेला किंवा पोकळ असेल तर त्याची एक चकती जपून ठेवा. निष्काळजीपणाचा तोच सर्वांत बोलका पुरावा, आणि तोच ट्रकमधून पहिल्यांदा निघून जातो. लाकूड शेजाऱ्याच्या मालकीचं असतं, परस्पर विकू नका. विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेल करा. पाणी आत येऊ नये म्हणून ताडपत्री घाला, ती घालायलाच हवी, पण नुकसान मोजणारा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत फुटलेली कौलं, पत्रे फेकू नका.

इथे एक चूक वारंवार होते. शेजारी दहा-वीस हजार देऊ करतो आणि ‘आता माझी काही तक्रार नाही’ असं लिहून घेतो. नुकसान भरून दिल्यावर दोषी माणसाकडून ते वसूल करण्याचा हक्क विमा कंपनीकडे जातो. तुम्ही तो हक्क आधीच सोडून बसलात तर कंपनी दावा अडवू शकते. पैसे घ्यायचे असतील तर कंपनीला कळवून घ्या, आणि पावतीवर कशापोटी घेतले ते लिहा.

झाड रस्त्यावरचं, म्हणजे महापालिकेचं असेल तर घाई करा. दिवाणी दाव्याला एरवी तीन वर्षांची मुदत असते. महापालिकेविरुद्ध मात्र कायदा आधी एक महिन्याची लेखी नोटीस मागतो आणि दावा सहा महिन्यांच्या आत हवा. नोटिसा न दिल्यामुळे चांगली प्रकरणं बुडतात.

गावात विमा नसेल तर तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. आपत्ती निवारणाच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत पक्क्या घराची किमान १५ टक्के पडझड झाली तर ६,५०० रुपये, कच्च्याला ४,००० रुपये आहेत. कोकणात एक माड छपरावर पडला तर वासे आणि कौलं यांतच त्याहून कितीतरी जास्त जातात.

कंपनीने दावा नाकारला तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. ती फेटाळली किंवा तिला महिनाभर उत्तर दिलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा ते देऊ शकतात.