ताटाची डावी बाजू

आजारपणानंतर नवऱ्याची चवच बदलली आहे, अशी एका काकूंची तक्रार होती. चटणी-कोशिंबिरीवाचून ज्यांचे जेवण पूर्वी पुरे होत नसे, ते आता त्यांना बोटही लावत नाहीत आणि भाजी-आमटी मात्र चाटूनपुसून संपवतात, असे त्यांनी सांगितले, म्हणून मी जेवणाच्या वेळी मुद्दाम थांबले. ताट रीतसर वाढलेले होते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी व आमटीची वाटी. काकांनी उजवी बाजू स्वच्छ केली, मधल्या भाताचाही उजवाच अर्धा भाग खाल्ला आणि "झालं माझं" म्हणून पाण्याचे भांडे उचलले. मी ताट अर्धे फिरवले. ही कोशिंबीर आत्ताच कुणीतरी वाढली असावी अशा समजुतीने त्यांनी काकूंकडे पाहिले आणि ती सगळी संपवली.

काकांच्या मेंदूच्या उजव्या भागात रक्तस्राव झाला होता. डोळे शाबूत होते. पण डावीकडचे जग त्यांच्या ध्यानातूनच निघून गेले होते. घरात रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेल्या चोवीस तासांच्या मावशी होत्या, कामाला अगदी चोख. काकांच्या अंगावर जखमेचा एक ठिपका नव्हता, चादर सुरकुतलेली नव्हती. तरीही ताट अर्धे का उरते, हे त्यांना माहीत नव्हते, कारण ते त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारानंतर रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारी, आहे आणि मेंदूला इजा झालेल्या माणसांच्या घरच्यांना व त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी-मामांना शिकवणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. आपल्याकडे हे शिक्षण बहुधा डिस्चार्जच्या दिवशी, बिलाची रांग आणि अ‍ॅम्ब्युलन्सची घाई यांच्या मधल्या फटीत उरकले जाते. नाकातल्या नळीतून फीड कसे द्यायचे, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, डायपर कसा बांधायचा, एवढे दाखवले की शिकवणाऱ्याचे काम संपते. या गोष्टी जीव वाचवतात, त्यामुळे त्यांना कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. परंतु महिन्या-दोन महिन्यांनी घर जेव्हा मेटाकुटीला येते, तेव्हा ते डायपरमुळे आलेले नसते. "हे मुद्दाम करतात" या समजुतीमुळे आलेले असते.

"मुद्दाम", "हट्टी", "आळशी" हे तीन शब्द मला प्रत्येक घरात ऐकू येतात. लुळा पडलेला पाय आपला नाहीच किंवा त्याला काही झालेलेच नाही, असे ज्याच्या मेंदूला वाटते, तो माणूस कितीही बजावले तरी पलंगावरून उठणारच, आणि पडणारही. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसलेला मुलगा दिवसभर गादीवर बसून राहतो, पण कुणी "चल, ब्रश घे" म्हणून ब्रश हातात दिला की मुकाट्याने दात घासतो. त्याच्यात इच्छा नाही असे नव्हे, सुरुवात करून देणारी कळ बिघडलेली असते. एकदा हे उमगले की मावशींचा आवाज आपोआप खाली येतो, असे मी पाहिले आहे. पलंगाला रेलिंग लावणे, पाय टेकण्याआधी हाक मारायला लावणे, एका वेळी एकच सूचना देणे हे उपाय त्यानंतर शिकवावे लागतात. आधी शिकवले तर ते पाठ होतात आणि तिसऱ्या दिवशी सुटतात.

भेटायला येणाऱ्यांचा बंदोबस्त हा माझ्या वर्गातला आवडता विषय आहे. स्मृती गेलेल्या माणसापुढे उभे राहून "ओळख बघू मी कोण?" असे विचारण्याची आपल्याकडे जुनी हौस आहे. तो बिचारा अंदाजाने एखादे नाव घेतो, सगळे हसतात किंवा डोळ्यांना पदर लावतात, आणि दुर्दैवाने ते चुकीचे नावच त्याच्या मनात पक्के बसते. अॅलन बॅडली आणि बार्बरा विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की तीव्र स्मृतिभ्रंश असलेली माणसे चुकू न देता शिकवल्यास अधिक चांगली शिकतात, कारण झालेली चूक आठवून ती सुधारण्याची सोयच त्यांच्यापाशी उरलेली नसते. म्हणून घरच्यांनी दारातच पाहुण्यांना सांगून ठेवावे की आत जाऊन परीक्षा घ्यायची नाही. "मी सुमनमावशी, चिंचवडहून आले" असे सरळ सांगून बसायचे.

सर्वांत अवघड धडा मात्र हात मागे घेण्याचा आहे. काकांच्या शर्टाला सहा बटणे होती आणि मावशी ती अर्ध्या मिनिटात लावत असत. मी त्यांना पाचच लावायला सांगितली आणि सहावे, सर्वांत खालचे, काकांच्या उजव्या हातावर सोपवले. पहिल्या दिवशी त्या एका बटणाला चार मिनिटे लागली आणि त्या चार मिनिटांत मावशींचा हात तीन वेळा पुढे आला. काकूंचा तर पाच वेळा. काम शेवटाकडून शिकवले की प्रत्येक वेळी ते शिकणाऱ्याच्याच हातून पुरे होते, हे त्यातले इंगित. पण दिवसभराच्या ड्यूटीत आंघोळ, नाश्ता, औषधे उरकायची असलेल्या बाईला "थांबा" म्हणणे सोपे नाही, आणि ब्युरोला हवे असते ते उरकलेले काम, हेही मला दिसते.

शरीराच्या बाबतीतही काही सवयी मोडाव्या लागतात. उठवताना लुळा हात धरून ओढला की खांदा निखळतो आणि मग महिनोन्महिने दुखतो. गिळण्याचा त्रास असलेल्या माणसाला साधे पाणी पेजेपेक्षा अधिक धोक्याचे असते, आणि पातळ आमटीत भिजवलेला भात त्याहून फसवा, कारण घास तोंडात असतानाच पाणी घशात उतरते. फिट आली तर कांदा नाही, चप्पल नाही, दातांत चमचा तर मुळीच नाही. कुशीवर वळवायचे, घड्याळ पाहायचे आणि पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना गाठायचा.

दुचाकीवरून पडलेल्या तरुण मुलांचे दुखणे निराळे. ती चालतात, बोलतात, म्हणून गावाच्या लेखी बरी झालेली असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही मेंदूच्या इजेचे वेगळे नाव नाही. चालणे, बोलणे, मानसिक आजार अशा एखाद्या खात्यात ती बसवून घ्यावी लागते. त्यांच्या आयांना मी फिनिअस गेजची गोष्ट सांगते. १८४८ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेच्या कामावर एक पहार त्याच्या कवटीतून आरपार गेली आणि त्याचा स्वभाव बदलला, इथपर्यंत पुष्कळांना ठाऊक असते. पुढे चिलीत त्याने कित्येक वर्षे घोडागाडी हाकली, हे फारसे कुणी सांगत नाही. रोज तेच घोडे, तोच रस्ता, त्याच वेळा. आखीव दिनक्रमाने त्याला सावरले असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे आणि मला ते पटते.

पूर्वी मी वर्गात छापील कागद वाटत असे. चोवीस मुद्दे, सुबक टंकलेखन. एका घरी तो कागद डब्याखाली अंथरलेला पाहिला आणि वाटणे बंद केले. आता प्रत्येक घरात एक शंभरपानी वही असते आणि त्यात मावशींनी स्वतः लिहायचे, शुद्धलेखनाची चिंता न करता. काकांकडच्या मावशी गावी गेल्या, तेव्हा त्यांनी नव्या बाईंसाठी दोन पाने लिहून ठेवली होती. त्यातले शेवटचे वाक्य असे होते: "बोलायचं डावीकडून, पण चहा उजवीकडून द्यायचा, डावीकडून दिला की सांडतो."