सूर्य मावळायच्या आत

जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये बहुतेक जण आधी पांढऱ्या घुमटाकडे वळतात. मृत समुद्राजवळच्या गुहांतल्या प्राचीन हस्तलिखितांच्या गुंडाळ्यांसाठी बांधलेली ती वास्तू. गुंडाळ्या ज्या रांजणांत सापडल्या त्यांच्या झाकणाचाच आकार घुमटाला दिला आहे. मीही तिथे गेले, पण माझा जीव अडकला होता पुरातत्त्व विभागातल्या एका फुटक्या खापरात.

१९६० साली भूमध्य समुद्राच्या काठी, याव्हने-यामजवळच्या एका छोट्या किल्ल्याच्या उत्खननात हे खापर तुकड्यांत मिळालं. काळ इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरचा. त्यावर शाईने हिब्रूत लिहिलेल्या चौदा ओळी. कापणीच्या एका मजुराने अधिकाऱ्याकडे केलेला तो अर्ज आहे. तो म्हणतो: मी नेमून दिलेली कापणी केली, धान्य कोठारात भरलं, तरी शोबायचा मुलगा होशायाहू आला आणि माझं वस्त्र घेऊन गेला. माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे भाऊबंद साक्ष देतील. माझं वस्त्र मला परत मिळावं. एवढंच मागणं. वस्त्र नेणाऱ्याचं नाव खापरावर आहे, मजुराचं नाही.

एका कपड्यासाठी एवढी विनवणी?

आम्ही नगरकडचे. संडे स्कूलमध्ये बायबलच्या नियमशास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाचा बाविसावा अध्याय वाचला होता. गरिबाचं वस्त्र गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत कर, कारण त्याला पांघरायला तेवढंच आहे. नियमशास्त्राच्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात तर विधवेचं वस्त्र गहाण घेऊच नको असं स्पष्ट सांगितलंय. तेव्हा मला ही दयाबुद्धीची शिकवण वाटायची, आणि ‘सूर्य मावळायच्या आत’ हे शब्द नुसते शोभेचे.

मार्चचा महिना होता. दुपारी ऊन लागत होतं म्हणून शाल खोलीवरच ठेवून निघाले होते. म्युझियममधून बाहेर पडले तेव्हा सूर्य कलला होता. बसची वाट बघेपर्यंत वारा हाडांत शिरायला लागला. जेरुसलेम डोंगरावर वसलंय, साडेसातशे मीटरच्या वर. दिवस मावळला की इथली ऊब बघता बघता जाते. त्या थांब्यावर कुडकुडताना मला कळलं की नियमशास्त्राने घातलेली ती मुदत थंडीची होती.

आणि मला आजोबांची घोंगडी आठवली. दिवसा खांद्यावर, पावसात डोक्यावर खोळ, रात्री तीच अंथरूण आणि तीच पांघरूण. ती कुणी काढून नेली असती तर त्याला ‘कपडा नेला’ असं आमच्या घरात कुणीही म्हटलं नसतं.

खापरात नियमशास्त्राचा उल्लेख नाही. मजुराने धर्मवचन दाखवलेलं नाही, आपण निर्दोष असल्याचं सांगून न्याय मागितला आहे. पण वस्त्रासाठी खापरावर जो ‘बेगेद’ शब्द आहे, तोच बायबलमधल्या आमोसाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात येतो. गहाण घेतलेल्या वस्त्रांवर वेदीपाशी लोळणाऱ्यांवर तो संदेष्टा संतापतो. म्हणजे गरिबाची रात्र अंगाखाली घालून हे लोक उपासनेला बसले होते. तकोवाचा मेंढपाळ होता आमोस. उघड्यावरची रात्र त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

रात्री खोलीवर शाल गुंडाळून मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढला, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचा. फिर्याद करून जो तुझी बंडी घेऊ पाहतो त्याला अंगरखाही घेऊ दे, असं येशू म्हणतो. ‘अंगरखा’ वाचला की माझ्या डोळ्यांपुढे नेहमी शिवलेला, बंदांचा सदरा यायचा; एक गेला तर दुसरा घालता येईल असा. मूळ ग्रीक शब्द ‘हिमातिओन’, अंगावर घ्यायचं वरचं वस्त्र. आमच्याकडे त्याला सगळ्यात जवळची घोंगडीच. सावकाराला रात्रभर ठेवून घ्यायचा हक्क नव्हता असं ते वस्त्र, आणि येशू म्हणतो तेही देऊन टाक. गालीलातल्या त्या डोंगरावर हे ऐकत बसलेल्यांतल्या कितीतरी जणांच्या अंगावर तेव्हा तेच एक पांघरूण असणार.