वाचनवही: बिस्वासचं सामान

पाचवा आठवडा. नायपॉलची 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' (१९६१) दुसऱ्यांदा वाचून झाली. त्यातली सगळी घरं त्रिनिदादच्या नकाशावर मांडायची असं ठरवलं होतं. ते जमेना, कारण बिस्वासच्या सासरचं, तुळशी कुटुंबाचं हनुमान हाउस जिथे आहे ते अर्वाकस गावच काल्पनिक. तिसऱ्या आठवड्यात घरांचा नाद सोडला आणि बिस्वासच्या सामानाची यादी करायला घेतली.

जाळीचं कपाट लग्नानंतर लगेच घेतलेलं, तेव्हा त्याच्या लाकडाला ताजा वास होता. टोप्या अडकवायच्या स्टँडची काच डागाळलेली, खुंट्या तुटलेल्या. जेवणाचं टेबल एका गरजवंताकडून स्वस्तात आणलेलं. बायकोच्या, शामाच्या हौसेखातर घेतलेलं काचेचं कपाट जवळपास रिकामंच. घरं बदलतात, हे लटांबर मात्र बरोबर असतं. शेवटी पोर्ट ऑफ स्पेनच्या सिक्कीम स्ट्रीटवर साडेपाच हजार डॉलरचं घर, तेही कर्ज काढून, आणि सेहेचाळीसाव्या वर्षी बिस्वास गेला.

यादीत एक वस्तू मात्र आली तशी गेली. नाताळात तो मुलीसाठी, सावीसाठी महागडं बाहुलीघर आणतो. तुळशींच्या त्या भरल्या घरात एकाच पोरीला वेगळं काही मिळणं कुणालाच खपत नाही, आणि ते बाहुलीघर शामा स्वतः मोडते. पहिल्या वाचनात मला तिचा संताप आला होता. यंदा ती पानं तीनदा वाचली. तो देऊन निघून जाणार, तिला तिथेच सगळ्यांत राहायचं आहे. माझं मत पार बदललं.

१८४५ ते १९१७ या काळात भारतातून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर त्रिनिदादला नेले गेले. हनुमान हाउससमोर संध्याकाळी चिलीम ओढत बसणारे म्हातारे त्यांच्यातलेच. भारतात परतायच्या गोष्टी रोज करतात, पण संधी आली तेव्हा बरेच जण गेलेच नाहीत. हा परिच्छेद वहीत अख्खा उतरवून घेतलाय.

पुढचं पुस्तक सॅम सेल्व्हनचं 'द लोन्ली लंडनर्स' (१९५६). कालच सुरू केलं. नायपॉलसारखा तोही त्रिनिदादचाच. वॉटर्लू स्टेशनवर मोझेस नव्याने आलेल्या गॅलाहॅडला विचारतो, सामान कुठंय? सामान नाहीच, खिशात एक टूथब्रश. यादीच्या नव्या पानावर तेवढंच लिहिलंय.