गोव्याला, पण मुंबईवरनं

कोल्हापुरातनं गोव्याला जायला घाट उतरून गाडीनं पाचएक तास लागतात. आम्ही 2023 च्या डिसेंबरात आधी रात्रभर रेल्वेनं मुंबईला गेलो आणि तिथनं समुद्रातनं गोव्याला. हे ऐकून यार्डातली माणसं अजून हसतात. हसू देत. ह्या एका निर्णयापायी आमच्या घरात दोन महिने जेवताना दुसरा विषय नव्हता, ते त्यांना काय माहीत.

माझं मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान आहे. आमच्या धंद्यात हिवाळ्याची सुट्टी नावाची गोष्ट नसते. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे झाले, गुऱ्हाळं पेटली, की होळीपर्यंत गुळाच्या रव्यांच्या थप्प्या आणि आपण. त्यात थोरली दहावीला, जानेवारीत तिची पूर्वपरीक्षा. पण त्या वर्षी आई-आबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली आणि बायकोनं ठणकावलं, "अहो, सगळ्यांनी मिळून कुठंतरी जायचं. गणपतीपुळे सोडून." दुकान भावाच्या गळ्यात घालून चार दिवस निघत होते. मुंबईला जाण्यायेण्याच्या दोन रात्री रेल्वेत, त्या वेगळ्या.

बोटीची कल्पना भाच्याची. तो इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे त्याला सगळं माहीत असतं. मुंबईहून तेव्हा दोन जहाजं फिरत होती. एक कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस', 2021 पासून इथंच होती. दुसरी 'कोस्टा सेरेना', इटालियन कंपनीची, नोव्हेंबरात नव्यानं आलेली आणि थोडेच महिने राहणारी. राजारामपुरीतल्या एजंटानं दोन्हींची चकचकीत पत्रकं टेबलावर मांडली आणि म्हणाला, "बघा, बसून ठरवा." आम्ही बसलो. ठरेना.

मी आधी आकडे बघितले. एम्प्रेस 1990 ची, 48,563 टन, 211 मीटर लांब. सेरेना 2007 ची, 1,14,500 टन, 290 मीटर, माणसं मावतात 3,780. आयुष्यभर टनात व्यवहार केलेला माणूस मी, म्हटलं विषय संपला. जड बोट कमी हलणार, सेरेना घ्या. भाचा म्हणाला, "मामा, हे वजन न्हवं. ग्रॉस टनेज म्हणजे बोटीच्या आतल्या बंदिस्त जागेचं माप. काट्यावर घालायचा आकडा न्हाई तो." पंचवीस वर्षं अडतीच्या गादीवर बसून टन म्हणजे काय हे पोराकडनं शिकावं लागलं. मोठी बोट साधारण कमी डोलते हे मात्र त्यानंही कबूल केलं. आणि डिसेंबरात अरबी समुद्र तसाही शांत असतो, खवळतो तो पावसाळ्यात.

मग घरात पक्ष पडले. धाकट्याला सेरेना, कारण तिच्यावर पाण्याची घसरगुंडी. एम्प्रेसवर चढायची भिंत आहे म्हटल्यावर तो जरा डळमळला. बायकोलाही सेरेनाच, कारण तिला बाल्कनी हवी होती. पहाटे चहाचा कप घेऊन समुद्राकडं बघत बसायचं, असं चित्र तिच्या डोक्यात पक्कं होतं. एम्प्रेस ज्या काळात बांधली त्या काळात जहाजाच्या खोल्यांना बाल्कन्या द्यायची पद्धत रुळली नव्हती. तिथं बाल्कनी म्हणजे महागडा स्वीट, म्हणजे मोठी खोली, घ्या, नाहीतर खिडकीवर भागवा. थोरलीला फक्त इंटरनेट लागतं का एवढंच विचारायचं होतं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे बोटीत बसायचं आणि बोटीतच फिरायचं व्हय?"

एका रात्री भाच्यानं मोबाइल आबांच्या पुढ्यात धरला. सेरेनाची सख्खी बहीण, कोस्टा कॉन्कॉर्डिया, एकाच आराखड्यावरची. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कप्तानानं किनाऱ्याच्या फार जवळनं नेली, खडकाला घासली, आडवी झाली. 32 माणसं गेली. फोटो भयानक आहे, एवढं मोठं जहाज उथळ पाण्यात म्हशीसारखं कुशीवर पडलेलं. मला वाटलं, झालं, सेरेना कटाप. पण आबा शांत. "रामदास बोट बुडाली त्याच साली माझा जन्म," म्हणाले. 17 जुलै 1947, मुंबईहून रेवसला निघालेली, सहाशेच्या वर माणसं. "म्हणून कोकणातली माणसं बोटीत बसायची थांबली व्हय?" मुद्दा बिनतोड होता. शिवाय कॉन्कॉर्डियात चूक नेणाऱ्याची होती, आराखड्याची नव्हती. एक गोष्ट मात्र ह्या शोधातनं कळली. त्या रात्री नुकत्याच चढलेल्या कितीतरी प्रवाशांना लाइफ जॅकेट घालून कुठं जमायचं हे दाखवलेलंच नव्हतं, कारण तेव्हा ही कवायत चोवीस तासांत केली तरी चालायची. नंतर नियम बदलला. आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ती घ्यावीच लागते.

पैशाचं थोडक्यात सांगतो. एजंटानं पहिल्यांदा सांगितलेला आकडा ऐकून मी खूश झालो होतो, तो माझा मूर्खपणा. आमच्याकडं सौद्यात भाव एक फुटतो आणि शेतकऱ्याच्या हातात शेवटच्या हिशेबाची पट्टी पडते ती हमाली, तोलाई वजा होऊन. इथं उलटं, भावावर चढत जातं. बंदराचे आकार, सेवाशुल्क, जीएसटी, गोव्यात उतरून बसनं फिरायचं तर त्याचे वेगळे, इंटरनेटचे वेगळे. जेवण भाड्यात, पण सगळ्याच हॉटेलांतलं नाही. मी त्याला म्हटलं, मला भाव नको, पट्टी दे. सहा माणसांची, शेवटच्या रुपयापर्यंत, दोन्ही बोटींची. त्यानं तोंड वाकडं केलं, पण दिली. ती हातात आल्यावर दोन्ही बोटींतला फरक पत्रकात दिसत होता तेवढा राहिला नाही. नाताळचा आठवडा टाळला की भाव उतरतो, हेही तेव्हाच कळलं.

एवढं होईपर्यंत आईला कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणजे विचारलं होतं, "आई, येणार नव्हं?" असं. ती "बघू" म्हणाली होती. आमच्याकडं आईचं "बघू" म्हणजे होय असं आम्हीच धरून चालतो. दरम्यान पोरांनी लक्षद्वीपवर बोट ठेवलं होतं. दोन्ही जहाजांच्या पत्रकांवर निळंशार पाणी आणि पांढरी वाळू. पाच रात्रींची फेरी माझ्या चार दिवसांत बसत नव्हती, तरी मी भावाला अजून दोन दिवस मागायच्या बेतात होतो. त्या रात्री सहज एजंटाला फोनवर विचारलं, तिथं धक्का कसा आहे? तो म्हणाला, धक्का नाही. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा आणि आत उथळ पाणी, त्यामुळं मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात उभं राहतं. तिथनं माणसं लहान बोटीत उतरवायची आणि बेटावर न्यायची. लाटा असतील तर तेही रद्द. "काकूंना हाताला धरायला माणसं असतात," असं त्यानं वर जोडलं. फोन स्पीकरवर होता. आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"मला न्हाई परत तसल्या होडीत उतरायचं," ती म्हणाली.

2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा आम्ही दोन रात्री वरच्या मजल्यावर काढल्या. तिसऱ्या दिवशी रबरी बोट आली. जिन्याच्या बुडालेल्या पायऱ्यांवरनं आईला त्या बोटीत घ्यायचं होतं. तिचे गुडघे तेव्हाच गेलेले. बोट एका जागी राहीना, पाय टाकला की मागं सरकायची. जवानांनी तिला अक्षरशः उचलून ठेवली. त्यानंतर रंकाळ्यावर नातवंडं बोटीत बसायची तेव्हा ही काठावर बसून शेंगा खायची, आम्हाला वाटायचं हिला शेंगा आवडतात. चार वर्षांत ती त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती आणि आम्ही आपले टन मोजत बसलो होतो.

मग प्रश्नच बदलला. कुठली बोट भारी हे बाजूला पडलं. आईनं बोटीत चढायचं कसं, उतरायचं कसं आणि आत चालायचं किती, एवढ्यावर आलं. लक्षद्वीप गेलं. पोरांनी तोंडं पाडली, पण काही बोलली नाहीत. जहाज थेट धक्क्याला लागतं असं बंदर हवं. कोचीला लागतं, पण दिवस जास्त. राहिलं गोवा, मुरगाव बंदर. आबा म्हणाले, "गोव्याला? मुंबईवरनं? आंबोलीनं गेलो तर दुपारच्या जेवणाला तिथं की." ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही.

आणि गोवाच म्हटल्यावर मला एम्प्रेस पटायला लागली. 290 मीटरच्या बोटीत खोली एका टोकाला आणि जेवण दुसऱ्या टोकाला आलं तर आईनं दिवसातनं चार वेळा तेवढं चालायचं. चढताना रांग साडेतीन हजारांची. पोरांसाठी सेरेना भारी होती, ह्यात वाद नाही, पाण्यावर तरंगणारा मॉलच तो. पण आम्हाला वाडा पाहिजे होता. बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "खिडकी तरी घ्या."

खोली निवडताना मी एकदाच शहाणपणा केला, तो सांगून ठेवतो. एजंट म्हणत होता, प्रकार ठरवा, नंबर कंपनी नंतर देईल, स्वस्त पडतं. मी नाही म्हटलं. मजल्यांचा नकाशा मागवला आणि भाच्याला बसवलं. खालच्या मजल्यावर मधोमध घेतली, तिथं डोलणं सगळ्यात कमी. लिफ्टजवळ. वर नाचगाण्याची जागा नाही हे बघून. काही खिडक्यांसमोर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात, पैसे खिडकीचे आणि दिसतं होडीचं बूड, त्या टाळल्या. तिसरी-चौथी माणसं भिंतीतनं खाली येणाऱ्या वरच्या फळीवर झोपतात, म्हणून आई-आबांना वेगळी खोली. आणि बाथरूमच्या दाराला उंबरा असतो, चांगला उंच, हे आधी कळलं म्हणून आईची काठी आठवणीनं घेतली.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलो. सामान क्लोकरूमला टाकून नाश्ता केला. बॅलार्ड पिअर टॅक्सीनं पाच-दहा मिनिटांवर, त्यामुळं मुंबईतल्या गर्दीत अडकायची भीती नव्हती. कोल्हापूरकराला ही सोय मोठी आहे आणि ती कुठल्याच पत्रकात नव्हती. (2025 च्या सप्टेंबरात तिथं नवं क्रूझ टर्मिनल झालं. आम्ही गेलो तेव्हा जुन्यातच रांग लावली, दीड तास.)

आई चढली. झाकलेला, कठड्याचा चढ होता, खाली पाणी दिसत नव्हतं. आत गेल्यावर पाच मिनिटांनी विचारते, "बोट कधी येणार?" म्हटलं, आपण बोटीतच आहोत. तिनं खालच्या गालिच्यावर काठी दोनदा आपटून बघितली.

लाइफ जॅकेटची कवायत झाली तेव्हा निम्मी माणसं मोबाइलवर होती. आबा मात्र कान देऊन ऐकत होते. बोट लागू नये म्हणून डॉक्टरांनी दिलेली ॲव्होमिनची गोळी आम्ही सगळ्यांनी घेतली आणि बोट हलायच्या आधीच पेंगुळलो. धाकटा भिंतीवर अर्ध्यापर्यंत चढला, तिथनं खाली बघितलं आणि उतरला. बायकोला पहाटे खिडकीतनं समुद्र दिसला, चहा मात्र वरच्या मजल्यावरनं मला आणावा लागला, रोज. जेवण भरपूर. रस्सा म्हणून जो होता त्याबद्दल न बोललेलं बरं, आमच्याकडं आजारी माणसाला देतात तसला.

दुसऱ्या दिवशी मुरगावला लागलो. आबा उतरायलाच तयार नाहीत. "गोवा बघितलाय मी," म्हणून डेकवर खुर्ची टाकून बसले. बोट सगळी रिकामी, पोहण्याचा हौद रिकामा, आबा आणि समुद्र. तसा फोटो आहे माझ्याकडं. आई मात्र काठी टेकत धक्क्यावर उतरली, कुणाचा हात न धरता. शंभर पावलं चालली, वळून बोटीकडं वर बघितलं आणि म्हणाली, "केवढी उंच आहे गं बाई. हिला आपल्या गल्लीत पाणी आलं असतं तर वळवता आली नसती."

परत आलो त्या दिवशी संध्याकाळी गल्लीतल्या बायका जमल्या. आईनं तासभर सांगितलं. लिफ्ट, उंबरा, गालिचा, आबांची खुर्ची. शेवटी एकीनं विचारलं, एवढं सगळं होतं तर कमी काय होतं? आई म्हणाली, "ताक."