किल्ली पुसली आणि शून्य बसलं

गोदामातले सगळे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारी यंत्रं, अपडेट झाले होते, म्हणून 'क्रॅक – पूर्ण' असा शेरा रजिस्टरमध्ये आधीच पडला होता. क्रॅक म्हणजे वाय-फायच्या सुरक्षेतली एक चूक, आणि तिचा वार मुख्यतः जोडणाऱ्या उपकरणावर होतो. आम्ही गेलो ते हातातले बारकोड स्कॅनर तपासायला. अँड्रॉइड ६, सिक्युरिटी पॅच लेव्हल मे २०१७. क्रॅकची दुरुस्ती आली ६ नोव्हेंबर २०१७च्या पॅच लेव्हलला, म्हणजे निकाल सेटिंग्जमध्येच दिसत होता. तरी दाखवल्याशिवाय कोणाला पटत नाही.

मॅथी व्हॅनहूफ आणि फ्रँक पीसेन्स या बेल्जियममधल्या संशोधकांनी ऑक्टोबर २०१७मध्ये जाहीर केलेली ही चूक एखाद्या कंपनीची नव्हतीच. ती वाय-फाय सुरक्षेच्या डब्ल्यूपीए२ या मानकाच्या नियमातच होती, १३ वर्षं. जोडणी होताना उपकरण आणि ॲक्सेस पॉइंट यांच्यात चार निरोप जातात, तो हँडशेक. त्यातला तिसरा मिळाला की उपकरण एन्क्रिप्शनची किल्ली बसवतं. चौथा पोचला नाही, तर ॲक्सेस पॉइंट तिसरा पुन्हा पाठवतो आणि उपकरण तीच किल्ली परत बसवतं. त्यासोबत पॅकेटचा क्रमांकही पुन्हा पहिल्यापासून. तीच किल्ली, तोच क्रमांक, म्हणजे मजकूर झाकणारा तोच कीस्ट्रीम. एका पॅकेटमधला मजकूर ठाऊक असला की दुसरं वाचता येतं. मधे बसणाऱ्याने चौथा निरोप अडवायचा, एवढंच. पासवर्ड त्याला लागतही नाही आणि मिळतही नाही, त्यामुळे पासवर्ड बदलून काही साधत नाही.

चाचणीला लॅपटॉप, यूएसबी वाय-फाय अडॅप्टर आणि व्हॅनहूफ यांचीच स्क्रिप्ट. आधी नेटवर्क मॅनेजर बंद, अडॅप्टरचं हार्डवेअर एन्क्रिप्शन बंद, मग रीबूट. स्क्रिप्ट स्वतःचं नेटवर्क उघडते, स्कॅनर त्याला जोडायचा. स्कॅनर जोडला गेला आणि पुढे काहीच होईना. प्रोफाइलमध्ये आयपी हाताने भरलेला होता. स्कॅनरने डीएचसीपीवर, म्हणजे नेटवर्ककडूनच आपोआप, आयपी मागितल्याशिवाय चाचणी सुरूच होत नाही. ते बदलल्यावर मात्र एरर यायला वेळ लागला नाही: उपकरण शून्य किल्ली वापरतंय.

गंमत इथेच आहे. या अँड्रॉइडमधला वाय-फाय प्रोग्राम किल्ली एकदा बसवली की मेमरीतून पुसून टाकतो. एरवी चांगली सवय. पण तिसरा निरोप दुसऱ्यांदा आला की तो पुसलेली जागाच किल्ली म्हणून उचलतो, म्हणजे सगळे शून्य. मग कीस्ट्रीमचा हिशेबही नको, पॅकेट थेट उघडतं. गोदामाचं ॲप साध्या, एन्क्रिप्शन नसलेल्या एचटीटीपीवर चालत होतं, त्यामुळे लॉगिन पॅकेटमध्ये जसंच्या तसं वाचता येत होतं.

या मॉडेलला नवा पॅच येणारच नव्हता. ॲक्सेस पॉइंट चालवणाऱ्या कंट्रोलरवर ईएपीओएल-कीचे, म्हणजे हँडशेकच्या निरोपांचे, रिट्राय शून्य केले, म्हणजे तिसरा निरोप एकदाच जातो. ॲप टीएलएस या एन्क्रिप्टेड जोडणीवर न्यायला सांगितलं, आणि खरं संरक्षण तेच, कारण रिट्रायची मात्रा फक्त आपल्या नेटवर्कवर चालते.

संध्याकाळी तक्रार आली ती लोडिंगच्या शटरजवळून: स्कॅनर सारखा तुटतोय. तिथे सिग्नल कमजोर. एक निरोप हरवला की आता अख्खा हँडशेक पहिल्यापासून करावा लागतो. तिथे जादा ॲक्सेस पॉइंट लावला. रिट्राय शून्यच ठेवले.